कोविड-१९ महासाथीतील विद्यार्थी वसतिगृहे (महाराष्ट्र)

कोविड-१९ महासाथीच्या काळात (२०२० ते २०२२) महाराष्ट्रातील विद्यापीठे, महाविद्यालये व शासकीय विभाग यांची विद्यार्थी वसतिगृहे दीर्घकाळ बंद राहिली आणि नंतर आरोग्यविषयक अटींसह टप्प्याटप्प्याने सुरू झाली. एका खोलीत अनेकांचा निवास, सामायिक स्वच्छतागृहे आणि एकत्र भोजन या तीन कारणांमुळे वसतिगृहात श्वसनमार्गाने पसरणाऱ्या रोगाचा फैलाव वेगाने होतो. दुसरीकडे अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोल्यासारख्या डोंगराळ व आदिवासीबहुल तालुक्यांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने वसतिगृह हे केवळ राहण्याचे ठिकाण नसून दोन वेळचे जेवण, वीज, ग्रंथालय व दूरसंचार जाळे यांची हमी असते. त्यामुळे वसतिगृह उघडे ठेवल्यास संसर्गाचा आणि बंद ठेवल्यास शिक्षण तुटण्याचा, असे दोन्ही धोके या काळात विचारात घ्यावे लागले.

## पार्श्वभूमी

### महाराष्ट्रातील वसतिगृहांची परंपरा

महाराष्ट्रात बहुजन समाजाच्या शिक्षणाचा विस्तार मोठ्या प्रमाणात वसतिगृहांच्या आधाराने झाला. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे तेथे विविध समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. पुण्यात ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समितीची स्थापना केली. आज विद्यापीठांच्या व खाजगी संस्थांच्या वसतिगृहांबरोबरच समाजकल्याण विभाग आणि आदिवासी विकास विभाग यांची वसतिगृहे राज्यभर आहेत. शासकीय वसतिगृहाच्या प्रमुखास ‘गृहपाल’, तर विद्यापीठ व महाविद्यालयाच्या वसतिगृहाच्या प्रमुखास सामान्यतः ‘रेक्टर’ असे म्हणतात. आश्रमशाळांतील निवासव्यवस्था अधीक्षक व अधीक्षिका पाहतात.

### पूर्वीच्या साथी

साथीच्या रोगामुळे निवासी शिक्षणसंस्थेस आपली व्यवस्था बदलावी लागल्याचे जुने उदाहरण पुण्यातच आढळते. १८९६ मध्ये मुंबईत व लवकरच पुण्यात गाठीच्या प्लेगची साथ पसरली. या साथीच्या निवारणासाठी ब्रिटिश सरकारने १८९७ मध्ये साथरोग अधिनियम लागू केला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात स्थापन केलेला अनाथ बालिकाश्रम प्लेगच्या भीतीमुळे १९०० मध्ये शहराबाहेर हिंगणे येथे हलवण्यात आला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर प्रारंभी साध्या झोपडीत आश्रमाचे काम सुरू झाले. गर्दीच्या वस्तीतून मोकळ्या जागी जाणे हा त्या काळी उपलब्ध असलेला मुख्य उपाय होता. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमार्फत होत असल्याने त्याची कार्यपद्धती कोविडपेक्षा वेगळी होती. मात्र निवासातील दाटी कमी करण्याचे तत्त्व दोन्ही साथींत समान राहिले. १८९७ चाच अधिनियम महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी कोविडसाठी पुन्हा लागू केला.

## घटनाक्रम

### वसतिगृहे रिकामी होणे (मार्च ते मे २०२०)

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात आढळले होते. मार्चच्या मध्यापासून राज्यातील शिक्षणसंस्था बंद होऊ लागल्या आणि विद्यार्थ्यांना वसतिगृहे सोडून घरी जाण्यास सांगण्यात आले. २३ मार्च रोजी राज्यात संचारबंदी आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. या मधल्या थोड्या दिवसांत जे विद्यार्थी निघू शकले नाहीत, ते वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत अडकले. पुण्यात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांची खानावळी बंद झाल्याने मोठी गैरसोय झाली.

राजस्थानातील कोटा येथील वसतिगृहांत राहून प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना आणण्यासाठी एप्रिल २०२० च्या अखेरीस धुळ्याहून राज्य परिवहन महामंडळाच्या सुमारे ७० बसगाड्या पाठवण्यात आल्या. मे महिन्यात पुण्यातील विद्यार्थ्यांनाही एसटीने त्यांच्या जिल्ह्यांत पोचवण्यात आले. गावी परतलेल्यांना शाळेच्या इमारतीत किंवा घरी १४ दिवस वेगळे राहावे लागे.

### रिकाम्या वसतिगृहांचा वापर

विद्यार्थी गेल्यानंतर राज्यातील अनेक वसतिगृहे जिल्हा प्रशासन व महापालिकांनी विलगीकरण कक्ष आणि कोविड काळजी केंद्रे म्हणून वापरात घेतली. तयार खोल्या, खाटा, स्वच्छतागृहे व स्वयंपाकघर असलेल्या इमारती वसतिगृहांखेरीज फारशा उपलब्ध नव्हत्या. अशा इमारती विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडण्यापूर्वी त्या रुग्णांपासून मोकळ्या करणे, गाद्या बदलणे किंवा उन्हात वाळवणे, पाण्याच्या टाक्या धुणे आणि संपूर्ण इमारतीचे निर्जंतुकीकरण करणे आवश्यक ठरले.

### पुन्हा उघडण्याचे प्रयत्न

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई या संस्थेने जून २०२० मध्येच पुढील सत्र पूर्णपणे ऑनलाइन घेण्याचा निर्णय जाहीर केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी विद्यापीठे व महाविद्यालये पुन्हा सुरू करण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. वसतिगृहे केवळ आवश्यकता असेल तेथेच उघडावीत, एका खोलीत एकाहून अधिक विद्यार्थी ठेवू नयेत आणि लक्षणे असलेल्या विद्यार्थ्यांस वसतिगृहात राहू देऊ नये, असे त्यांत म्हटले होते.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी २०२१ पासून ५० टक्के उपस्थितीने महाविद्यालये सुरू करण्यास परवानगी मिळाली आणि वसतिगृहे टप्प्याटप्प्याने उघडण्याचे ठरले. मात्र त्याच सुमारास विदर्भातून दुसरी लाट पसरू लागली. पुण्यासारख्या जिल्ह्यांत आठवड्याभरातच महाविद्यालये पुन्हा बंद झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर कडक निर्बंध आले.

२० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये दुसऱ्यांदा उघडली. या वेळी १८ वर्षांवरील विद्यार्थ्यांसाठी लसीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असण्याची अट होती. ओमायक्रॉन प्रकारामुळे जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा बंद करण्यात आली व १ फेब्रुवारी २०२२ पासून स्थानिक परिस्थितीनुसार सुरू झाली. एप्रिल २०२२ च्या प्रारंभी राज्यातील कोविडविषयक निर्बंध मागे घेण्यात आले.

## वसतिगृहात संसर्ग पसरण्याची कारणे

कोविड-१९ हा सार्स-सीओव्ही-२ या विषाणूमुळे होतो. बाधित व्यक्तीच्या श्वास, बोलणे, खोकला व शिंक यांतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म थेंबांद्वारे तो पसरतो. यांतील अतिसूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. संसर्गानंतर लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः २ ते १४ दिवस जातात. लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच व्यक्ती इतरांना संसर्ग देऊ शकते. तरुणांमध्ये अनेकदा लक्षणे सौम्य असतात किंवा दिसतच नाहीत. त्यामुळे प्रवेशद्वारावर तापमान मोजण्याच्या उपायाने अशा सर्व विद्यार्थ्यांचा शोध लागत नाही.

वसतिगृहात पुढील ठिकाणी धोका अधिक असतो :

* झोपण्याची खोली : तीन-चार विद्यार्थी सात-आठ तास एकाच हवेत राहतात. झोपेत मुखपट्टी वापरता येत नाही. थंडी, पाऊस किंवा डास यांमुळे खिडक्या बंद ठेवल्या जातात.
* भोजनगृह : जेवताना मुखपट्टी काढावीच लागते आणि गप्पाही होतात. म्हणून भोजनगृह हे वसतिगृहातील सर्वांत जोखमीच्या ठिकाणांपैकी एक मानले जाते.
* स्नानगृहे व हात धुण्याची जागा : सकाळी वर्गाच्या वेळेपूर्वी येथे गर्दी होते. दात घासताना व चूळ भरताना थुंकीचे थेंब उडतात.
* दूरदर्शन कक्ष, अभ्यासिका व जिने : सामायिक वापरामुळे वेगवेगळ्या मजल्यांवरील विद्यार्थी येथे एकत्र येतात.

## सुरक्षित निवासाचे उपाय

### प्रवेशाच्या वेळी

बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी आपल्या प्रकृतीची माहिती देणे, आवश्यक तेथे आरटी-पीसीआर चाचणी करणे आणि आल्यानंतर ठरावीक दिवस वेगळ्या खोलीत राहणे हे टप्पे बहुतेक नियमावलींत होते. सर्वांना एकाच दिवशी न बोलावता अंतिम वर्ष, संशोधन करणारे व प्रयोगशाळेची गरज असणारे विद्यार्थी यांना आधी बोलावण्यात आले. यामुळे एखादा बाधित आढळल्यास त्याच्या संपर्कातील व्यक्तींची संख्या मर्यादित राहते.

### खोली व हवा

शक्य असल्यास एका खोलीत एकच विद्यार्थी ठेवावा अशी सूचना होती. ते शक्य नसेल तेथे खाटांमधील अंतर वाढवणे आणि एकाचे डोके दुसऱ्याच्या पायांच्या दिशेने येईल अशा रीतीने खाटा मांडणे हे उपाय सुचवले गेले. समोरासमोरच्या खिडक्या व दार उघडे ठेवल्यास हवा खेळती राहते. एकच खिडकी असल्यास तिच्याजवळ टेबलपंखा बाहेरच्या दिशेने लावून खोलीतील हवा बाहेर काढता येते. छताचा पंखा हवा केवळ फिरवतो, बदलत नाही. म्हणून तो चालू असतानाही खिडकी उघडी असणे आवश्यक असते.

एकाच खोलीत राहणाऱ्यांना एक ‘कुटुंब’ मानून त्यांचा इतर खोल्यांशी संपर्क कमी ठेवण्याची पद्धतही उपयोगी ठरते. अशा गटाची जेवणाची, स्नानाची व अभ्यासिकेची वेळ एकच ठेवली जाते.

### भोजन

भोजनगृहात पाळ्या लावणे, समोरासमोर न बसता एकाच दिशेस तोंड करून बसणे, वाढपी नेमून सामायिक डाव व पळ्या सर्वांच्या हातांत न देणे, तसेच ताट खोलीत किंवा उघड्या ओट्यावर नेण्यास मुभा देणे हे प्रमुख उपाय होते. ताट, वाटी, पेला व पाण्याची बाटली प्रत्येकाची स्वतंत्र असावी आणि ती साबणाने धुतलेली असावी एवढे पुरेसे असते. स्वयंपाकी, वाढपी व कामाठी यांची प्रकृती तपासणेही तितकेच महत्त्वाचे होते, कारण त्यांचा संपर्क वसतिगृहातील प्रत्येकाशी येतो.

### स्वच्छता

साबण व पाण्याने किमान २० सेकंद हात धुणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. बादली, मग, पंचा व साबण एकमेकांचे वापरू नयेत. दाराच्या कड्या, नळ, विजेची बटणे व जिन्याचे कठडे यांसाठी सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण वापरले जाई. महासाथीच्या सुरुवातीस पृष्ठभागांच्या फवारणीवर पुष्कळ भर होता. पुढे संसर्गाचा मुख्य मार्ग हवा असल्याचे स्पष्ट झाल्यानंतर मुखपट्टी व वायुवीजन यांना अधिक महत्त्व आले. व्यक्तींच्या अंगावर जंतुनाशक फवारणे हानिकारक असल्याने ते टाळण्याच्या सूचना आरोग्य मंत्रालयाने दिल्या होत्या.

### आजारी विद्यार्थी

प्रत्येक वसतिगृहात स्वतंत्र स्वच्छतागृह असलेल्या काही खोल्या विलगीकरणासाठी राखीव ठेवणे आवश्यक मानले गेले. ताप, घसादुखी, खोकला, वास किंवा चव जाणे, अतिसार अशी लक्षणे दिसताच विद्यार्थ्याने गृहपाल किंवा रेक्टर यांना कळवावे व चाचणीचा निष्कर्ष येईपर्यंत वेगळे राहावे अशी पद्धत होती. सौम्य आजारात दिवसातून काही वेळा तापमान व बोटावरील ऑक्सिमापकाने प्राणवायूची पातळी नोंदवली जाई. ही पातळी ९४ टक्क्यांच्या खाली गेल्यास किंवा सहा मिनिटे चालल्यानंतर ती घसरल्यास अथवा दम लागल्यास वैद्यकीय मदत तातडीने घ्यावी लागते.

या व्यवस्थेचे यश विश्वासावर अवलंबून असते. लक्षणे सांगितल्यास वसतिगृहातून काढले जाईल किंवा परीक्षा बुडेल अशी भीती असल्यास विद्यार्थी आजार लपवतो आणि संसर्ग वाढतो. म्हणून आजारी विद्यार्थ्यास जेवण खोलीपर्यंत पोचवणे, त्याच्या पालकांशी नियमित संपर्क ठेवणे व परीक्षेची पर्यायी संधी देणे हेही संसर्गनियंत्रणाचेच भाग ठरतात.

### लसीकरण

१८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मे २०२१ पासून खुले झाले, परंतु प्रारंभी लशींचा तुटवडा होता. कोविशिल्ड लसीच्या दोन मात्रांमधील अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे करण्यात आले. त्यामुळे ऑगस्टमध्ये पहिली मात्रा घेतलेला विद्यार्थी २० ऑक्टोबर रोजी दोन मात्रांची अट पूर्ण करू शकत नव्हता. ही अडचण कमी करण्यासाठी राज्यात २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२१ या काळात ‘मिशन युवा स्वास्थ्य’ या नावाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची लसीकरण मोहीम राबवण्यात आली. १५ ते १८ वयोगटाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून सुरू झाले. लसीमुळे संसर्ग पूर्णपणे टळत नसला तरी गंभीर आजाराचा धोका मोठ्या प्रमाणात कमी होतो.

## वसतिगृहांतील उद्रेक

निवासी संस्थांतील पुढील घटनांतून संसर्गाचा वेग स्पष्ट झाला :

* आयआयटी मद्रास (डिसेंबर २०२०) : मर्यादित संख्येने विद्यार्थी असतानाही शंभराहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. अनेक वसतिगृहांसाठी चालवलेल्या सामायिक भोजनगृहाकडे या वेळी लक्ष वेधले गेले. त्यानंतर विद्यार्थ्यांना खोल्यांतच जेवण देण्यात आले.
* लातूर (फेब्रुवारी २०२१) : एका वसतिगृहातील सुमारे ४० विद्यार्थी बाधित आढळले.
* देगाव, तालुका रिसोड, जिल्हा वाशीम (फेब्रुवारी २०२१) : एका निवासी शाळेतील २२९ विद्यार्थी बाधित आढळले. त्यांपैकी बरेच विद्यार्थी त्या वेळी संसर्ग वाढत असलेल्या अमरावती जिल्ह्यातून आलेले होते.
* टाकळी ढोकेश्वर, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर (डिसेंबर २०२१) : जवाहर नवोदय विद्यालयात सुरुवातीस १९ विद्यार्थी बाधित आढळले. चाचण्या वाढवल्यावर काही दिवसांतच ही संख्या ५० च्या वर गेली. परिसर प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर करण्यात आला.

यांतील शेवटच्या तीन घटना एकत्र निवास असलेल्या शालेय विद्यार्थ्यांसंबंधी असल्या, तरी निवासाची रचना महाविद्यालयीन वसतिगृहांसारखीच होती. पहिला रुग्ण आढळल्यानंतर लक्षणे नसलेल्यांच्याही चाचण्या केल्यानेच संसर्गाची खरी व्याप्ती कळली, हे टाकळी ढोकेश्वरच्या घटनेतून दिसून येते.

अन्य देशांतही असे अनुभव आले. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिल येथील वर्ग १० ऑगस्ट २०२० रोजी सुरू केले आणि वसतिगृहांत रुग्ण वाढताच आठवड्याभरात पदवीचे शिक्षण पुन्हा ऑनलाइन केले. इंग्लंडमधील मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठात सप्टेंबर २०२० मध्ये सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना दोन निवाससंकुलांतच १४ दिवस थांबण्यास सांगण्यात आले. अन्न व आवश्यक वस्तूंची पूर्वतयारी न करता असा आदेश दिल्याबद्दल विद्यार्थ्यांनी नाराजी व्यक्त केली. ॲरिझोना विद्यापीठाने मात्र वसतिगृहांच्या सांडपाण्याची नियमित तपासणी केली. ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचा अंश आढळताच तेथील सर्वांच्या चाचण्या करण्यात आल्या आणि लक्षणे नसलेले दोन बाधित विद्यार्थी वेळीच वेगळे करता आले.

## अकोले तालुक्यातील स्थिती

अकोले तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, प्रवरा व मुळा या नद्यांच्या उगमप्रदेशात आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड व भंडारदरा धरण याच परिसरात येतात. तालुक्यात महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती मोठी असून आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय राजूर येथे आहे. अकोले येथील अगस्ती महाविद्यालय व राजूर येथील ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुढील शिक्षणासाठी येथील विद्यार्थी संगमनेर, नाशिक व पुणे येथे जातात.

पश्चिम भागातील वाड्या-पाड्यांवरून तालुक्याच्या गावी रोज ये-जा करणे अनेकांना शक्य नसते. पावसाळ्यात घाटघर, रतनवाडी या परिसरात अतिवृष्टी होते आणि रस्ते व वीज वारंवार खंडित होतात. त्यामुळे आश्रमशाळा व वसतिगृह हीच येथील बहुसंख्य आदिवासी विद्यार्थ्यांची शिक्षणाची वाट आहे. मार्च २०२० मध्ये निवासी शिक्षण थांबल्याने पुढील अडचणी निर्माण झाल्या :

* जेवण : वसतिगृहातील नियमित आहार थांबला आणि त्याचा भार टाळेबंदीत मजुरी गमावलेल्या कुटुंबांवर पडला.
* दूरसंचार : ऑनलाइन वर्ग व २०२० च्या ऑक्टोबरमधील अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा यांसाठी स्मार्टफोन व जोडणी आवश्यक होती. डोंगरकपारीतील वस्त्यांवर ‘रेंज’ मिळवण्यासाठी विद्यार्थ्यांना उंच टेकाडावर किंवा दुसऱ्या गावी जावे लागे.
* वेळ : घरी आलेले विद्यार्थी भातलावणी, गुरे राखणे व मजुरी यांत गुंतले. अभ्यासासाठी स्वतंत्र जागा अनेक घरांत नव्हती.
* मुलींचे शिक्षण : घरी परतलेल्या मुलींचे शिक्षण सुटण्याची व लवकर विवाह होण्याची शक्यता वाढल्याकडे राज्यभर बालहक्क कार्यकर्त्यांनी लक्ष वेधले.

आदिवासी विकास विभागाने २०२० मध्ये ‘अनलॉक लर्निंग’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात आश्रमशाळांच्या विद्यार्थ्यांपर्यंत अभ्याससाहित्य पोचवणे आणि शिक्षकांनी वस्तीवर जाऊन मार्गदर्शन करणे अपेक्षित होते.

दुसरी लाट ओसरल्यानंतरही अहमदनगर जिल्ह्यात रुग्णसंख्या तुलनेने अधिक राहिली. जिल्हा प्रशासनाने ४ ऑक्टोबर २०२१ पासून ६१ गावांत टाळेबंदी लागू केली. त्यांतील सर्वाधिक गावे शेजारच्या संगमनेर तालुक्यातील होती. त्यानंतर सुमारे पंधरवड्याने राज्यातील महाविद्यालये सुरू झाली. म्हणजेच वसतिगृहात परतणारा विद्यार्थी केवळ शहरातून गावी संसर्ग नेणारा नव्हता, तर गावाकडून वसतिगृहात संसर्ग येण्याचीही तितकीच शक्यता होती.

या भागातील हवामानाचाही सुरक्षित निवासावर परिणाम होतो. पावसाळ्यातील वारा व झोड आणि हिवाळ्यातील कडाक्याची थंडी यांमुळे खिडक्या सतत उघड्या ठेवणे कठीण जाते. अशा ठिकाणी खिडक्यांच्या वरच्या झडपा उघड्या ठेवणे, दर काही तासांनी थोडा वेळ दारे-खिडक्या पूर्ण उघडणे आणि कपडे खोलीत न वाळवता पडवीत वाळवणे हे उपाय अधिक व्यवहार्य ठरतात.

## मतभेद व टीका

वसतिगृहे बंद ठेवण्याचा कालावधी : दुकाने, उपाहारगृहे व प्रवासी वाहतूक सुरू झाल्यानंतरही वसतिगृहे बंद राहिल्याबद्दल विद्यार्थी संघटनांनी आक्षेप घेतले. दाट निवासातील उद्रेकांचा अनुभव पाहता सावधगिरी आवश्यक असल्याची बाजू प्रशासनाकडून मांडली गेली.

एका खोलीत एक विद्यार्थी : या नियमामुळे वसतिगृहाची क्षमता निम्म्याहून कमी होते. उरलेल्या विद्यार्थ्यांना भाड्याच्या खोल्यांत किंवा ‘कॉट बेसिस’वर राहावे लागते. तेथे दाटी अधिक आणि देखरेख नसल्याने धोका कमी न होता केवळ वसतिगृहाबाहेर सरकतो, अशी टीका झाली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून निवास व भोजनासाठी अर्थसाहाय्य मिळते. या पर्यायांचे महत्त्व या काळात वाढले.

शुल्क : न वापरलेल्या वसतिगृहाचे व भोजनगृहाचे शुल्क आकारण्यावरून अनेक संस्थांत वाद झाले. २०२१ मध्ये राज्य शासनाने शासकीय व अनुदानित महाविद्यालयांत वापर न झालेल्या सुविधांच्या शुल्कात सवलत जाहीर केली.

निवासी डॉक्टर : वैद्यकीय महाविद्यालयांची वसतिगृहे बंद करणे शक्यच नव्हते. रुग्णसेवा देणारे निवासी डॉक्टर एकाच खोलीत दाटीने राहत असल्याने कामावरून आल्यावर वेगळे राहण्याची सोय नसल्याच्या तक्रारी त्यांच्या संघटनेने वेळोवेळी मांडल्या. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईसह राज्यातील अनेक निवासी डॉक्टर बाधित झाले.

## परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. महासाथीतील उपायांपैकी काहींचा उपयोग कोविडपुरता मर्यादित नाही. क्षयरोग, फ्लू, कांजिण्या, डोळे येणे व खरूज हे वसतिगृहांत नेहमी आढळणारे रोगही दाटी, बंद हवा व सामायिक वस्तू यांमुळेच पसरतात. खेळती हवा, पुरेसे नळ, प्रत्येकाची स्वतंत्र ताट-वाटी व पंचा, किमान एक विलगीकरण खोली आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी कायमचा संपर्क या गोष्टी त्या सर्व रोगांवर उपयुक्त आहेत.

वसतिगृह बंद करणे हा संसर्ग रोखण्याचा जलद मार्ग असला तरी त्याची किंमत सर्व विद्यार्थ्यांना सारखी मोजावी लागत नाही, हेही या काळात दिसून आले. घरी स्वतंत्र खोली, वीज व इंटरनेट असलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण अंशतः सुरू राहिले, तर दुर्गम भागातील विद्यार्थ्याचे खंडित झाले. म्हणून भावी साथीच्या नियोजनात वसतिगृह सरसकट बंद न करता, ज्यांना घरी शिकणे अशक्य आहे अशा विद्यार्थ्यांसाठी ते कमी संख्येने व सुरक्षितपणे चालू ठेवण्याचा पर्याय महत्त्वाचा ठरतो.

## हेही पाहा

* कोविड-१९ महासाथ
* साथरोग अधिनियम, १८९७
* अकोले तालुका
* आश्रमशाळा
* रयत शिक्षण संस्था